एक पडदा, दोन यंत्रे



आपल्यापैकी पुष्कळांचे कोणी ना कोणी नातलग नवी मुंबईत कोपरखैरण्याला राहत असतील. १९७० साली सिडको महामंडळ स्थापन झाले आणि ठाण्याच्या खाडीकाठी नवे शहर वसवायला सुरुवात झाली. पुढे मुंबईतला घाऊक बाजार वाशी-तुर्भ्याकडे हलला. त्याच्या पाठोपाठ सातारा, सांगली, पुणे अशा जिल्ह्यांतून मुंबईला आलेली माथाडी कामगारांची कुटुंबेही खाडीपलीकडे राहायला गेली. कोपरखैरण्यातली लहान लहान घरे त्यांपैकी अनेकांच्या वाट्याला आली. आज तिथे दुसरी-तिसरी पिढी नांदते आहे. थोरल्या मुलाला कॉलेजच्या अभ्यासासाठी संगणक लागतो, मुलीला घरून काम करायचे असते आणि धाकट्याला हवा असतो गेम. पडदा ठेवायला जागा मात्र एकाच टेबलापुरती असते.

गावाकडेही फारसे निराळे नाही. दिवाळीच्या आधी तिथून फोन जातो, "काका, येताना मुलांसाठी एक मॉनिटर घेऊन या. अभ्यासाला चालला पाहिजे आणि त्या गेमच्या पेटीलाही लागला पाहिजे." काका मुंबईला लॅमिंग्टन रोडवर जातात, दुकानदार दहा डबे पुढे ठेवतो, प्रत्येक डब्यावर मोठमोठे आकडे असतात, आणि काका बिचारे गोंधळून जातात. दहा-बारा हजार रुपये ही काही लहान रक्कम नव्हे. वस्तू चुकीची निघाली तर गावाहून ती परत करायला पुन्हा मुंबई गाठायची कोणी? तेव्हा दुकानाची पायरी चढण्यापूर्वीच आपल्याला काय हवे, हे पक्के ठाऊक असले पाहिजे. आज त्याविषयीच थोडे बोलू.

आधी ही अडचण आली कुठून, ते पाहू. विजेच्या पडद्यावरचा खेळ तसा जुना आहे. अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम या शास्त्रज्ञाने १९५८ साली, प्रयोगशाळेत विजेच्या लहरी पाहण्यासाठी वापरतात तसल्या लहानशा पडद्यावर, टेनिसचा खेळ करून दाखवला होता. १९७२ साली तिकडे घरच्या टीव्हीला जोडायची खेळाची पहिली पेटी बाजारात आली. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला आपल्याकडे मुंबईत दूरदर्शन सुरू झाले. या पेटीलाच आज कन्सोल म्हणतात. तेव्हापासून कन्सोल टीव्हीच्या घरचा झाला आणि संगणक मॉनिटरच्या घरचा. दोघांच्या वायरी वेगळ्या, खुंट्या वेगळ्या. २००२ च्या डिसेंबरात एचडीएमआय नावाची एकच वायर ठरली. चित्र आणि आवाज दोन्ही त्या एका वायरीतून जाऊ लागले. मग कन्सोल आणि संगणक एकाच पडद्याला जोडता येऊ लागले. हे काम सोपे झाले खरे, पण सगळे पडदे दोन्ही यंत्रांना सारखेच मानवतात असे मात्र नाही. आजचा प्रश्न आहे तो इथेच.

या सगळ्या खरेदीत एक गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुष्कळ काम झाले. ती अशी की, यंत्र जे पाठवील तेच पडदा दाखवील. विहिरीवरची मोटर तीन घोड्यांची असली आणि पाइप एक इंची असला, तर शेतात पाणी किती येणार? पाइपातून जाईल तेवढेच. उलट पाइप चार इंची घातला आणि मोटर लहान असली तरी पाणी काही वाढत नाही. इथे संगणक आणि कन्सोल या मोटरी झाल्या, वायर आणि तिची खुंटी हा पाइप झाला आणि पडदा म्हणजे आपले शेत. तिघांचा मेळ बसला पाहिजे. ज्या आकड्याचा उपयोगच होणार नाही त्यासाठी पैसे मोजणे म्हणजे लहान मोटरीला मोठा पाइप घेणे होय.

आता डब्यावरचे आकडे एकेक करून पाहू.

पहिला आकडा ठिपक्यांचा. आपल्याकडे अंगणात ठिपक्यांची रांगोळी काढतात. जागा तेवढीच ठेवून ठिपके वाढवले की नक्षी नाजूक येते. पडद्यावरचे चित्रही असेच बारीक ठिपक्यांचे असते. त्यांना पिक्सेल म्हणतात. डब्यावर १९२० गुणिले १०८० असे लिहिलेले असते, म्हणजे आडव्या ओळीत १९२० ठिपके आणि अशा १०८० ओळी. शिक्षकांनी वर्गात हा गुणाकार अवश्य करून घ्यावा. उत्तर येते २० लाख ७३ हजार ६००. याला फुल एचडी म्हणतात. त्याच्या वरचा पडदा २५६० गुणिले १४४० चा, त्यात ३६ लाख ८६ हजार ४०० ठिपके. आणि फोर-के म्हणतात त्यात ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळजवळ ८३ लाख. ठिपके वाढले की चित्र रेखीव होते, पण तेवढे ठिपके दर क्षणाला रंगवण्याचे ओझे संगणकावर पडते. साधा संगणक असेल, त्यात गेमसाठी लागणारे वेगळे ग्राफिक कार्ड नसेल, तर फोर-के पडद्यावर गेम धापा टाकत चालेल.

दुसरा आकडा लांबीचा. २४ इंच म्हणजे पडद्याची रुंदी नव्हे, बरं का! एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतचे ते माप असते. २४ इंची रुंद पडदा प्रत्यक्षात जवळजवळ २१ इंच रुंद आणि पावणेबारा इंच उंच भरतो. पायथागोरसचा सिद्धांत शिकवताना या मापांचा चांगला उपयोग होईल. २१ चा वर्ग आणि पावणेबाराचा वर्ग मिळवून वर्गमूळ काढा, २४ च्या आसपास उत्तर येते. टेबलापाशी बसून, हातभर अंतरावरून पाहायचे असेल तर फुल एचडीला २४ इंच हेच माप योग्य. तेवढेच ठिपके २७ इंचांवर पसरले की रांगोळी विरळ होते आणि अक्षरांच्या कडा फुटल्यासारख्या दिसतात. २७ इंच हवाच असेल तर १४४० ओळींचा घ्यावा.

तिसरा आकडा हर्ट्झचा. सिनेमात चित्रे हलत नसतात. एकामागून एक स्थिर चित्रे सेकंदाला २४ या वेगाने दाखवतात आणि डोळ्याला ती हलल्यासारखी वाटतात. पडद्यावरही तसेच. ६० हर्ट्झ म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलते. गणित केले तर दर चित्राला सुमारे पावणेसतरा मिलिसेकंद मिळतात. १२० हर्ट्झला सव्वाआठ आणि १८० हर्ट्झला साडेपाच. यावरून काय दिसते? ६० वरून १२० वर गेले की चांगले आठ मिलिसेकंद वाचतात. पण १२० वरून १८० वर गेले की तीनही वाचत नाहीत. पहिल्या पायरीचा फरक खेळणाऱ्याच्या हाताला कळतो, दुसऱ्या पायरीचा फारच थोड्यांना कळतो. जाहिरात मात्र दोन्ही पायऱ्यांना सारखाच ढोल वाजवते.

आता इथे एक मुद्दा आहे, तो दुकानात सहसा कोणी सांगत नाही. कन्सोल चित्र पाठवतो ते बहुधा ६० च्या वेगाने किंवा १२० च्या. मधला वेग तो धरत नाही. आता स्वस्तात १०० हर्ट्झचे पडदे पुष्कळ आले आहेत. संगणकावर ते छान चालतात, संगणक १०० वेळा चित्र पाठवू शकतो. पण त्याच पडद्याला कन्सोल जोडला की १२० त्याला झेपत नाही म्हणून कन्सोल ६० वर उतरतो. म्हणजे १०० हर्ट्झचा पडदा कन्सोलच्या दृष्टीने ६० चाच. हे वाईट आहे असे नाही. कन्सोलचे बहुतेक खेळ ३० किंवा ६० नेच चालतात, १२० नी चालणारे खेळ थोडे. पण १२० हवेच असेल तर १२० किंवा त्याहून वरचा पडदा पाहावा लागतो, आणि तो १२० एचडीएमआयच्या खुंटीवरच मिळतो की नाही, हेही पाहावे लागते.

खुंटीचे महत्त्व इथे येते. मॉनिटरच्या मागे साधारणपणे दोन प्रकारच्या खुंट्या असतात. एक एचडीएमआय, दुसरी डिस्प्लेपोर्ट. कन्सोलला फक्त एचडीएमआय चालते. संगणकाला, त्यात सोय असेल तर, दोन्ही चालतात. डब्यावर १६५ किंवा १८० हर्ट्झ असे ठळक छापलेले असते, पण पुष्कळदा तो वेग डिस्प्लेपोर्टवर मिळतो आणि एचडीएमआयवर त्याहून कमी. ही गोष्ट पुस्तिकेत बारीक अक्षरांत असते. एचडीएमआयच्याही पिढ्या आहेत. १.४ ही २००९ ची, तिच्यातून सेकंदाला सुमारे १० गिगाबिट जातात. २.० ही २०१३ ची, तिच्यातून १८. आणि २०१७ सालच्या २.१ मधून ४८ पर्यंत. फुल एचडी किंवा १४४० ओळींचे चित्र १२० च्या वेगाने न्यायला २.० पुरते. फोर-के १२० ने न्यायचे तर २.१ लागते. पण नुसत्या आकड्यावर भिस्त ठेवू नका. दुकानदाराला सरळ विचारा, "एचडीएमआयवर किती ठिपक्यांना किती हर्ट्झ मिळतात?" आणि पुस्तिकेतला तो तक्ता डोळ्यांनी पाहा.

दोन यंत्रे जोडायची म्हणजे खुंट्याही निदान दोन हव्यात. एकच एचडीएमआय आणि एक जुनी व्हीजीए असा पडदा घेतला तर रोज वायर काढा आणि घाला, अशी कसरत होते. महिनाभरात खुंटी सैल पडते. तेव्हा दोन एचडीएमआय, किंवा एक एचडीएमआय आणि एक डिस्प्लेपोर्ट असा पडदा पाहावा. संगणक डिस्प्लेपोर्टवर, कन्सोल एचडीएमआयवर आणि मधे फक्त बटण दाबायचे. घरात भांडण नको असेल तर एवढी काळजी घ्यावी.

ठिपक्यांच्या बाबतीतही कन्सोलच्या आवडीनिवडी आहेत. प्लेस्टेशन ५ आपल्याकडे २ फेब्रुवारी २०२१ ला विक्रीस आला, तेव्हा त्याला १४४० ओळींचा पडदा उमगत नव्हता. सप्टेंबर २०२२ मध्ये ती सोय त्यात आली. एक्सबॉक्स सिरीज एस हा तर १४४० ओळी डोळ्यांपुढे ठेवूनच केलेला आहे. जुना प्लेस्टेशन ४ मात्र १४४० ओळी पाठवतच नाही. तो १०८० पाठवतो आणि पडदा ते चित्र ताणून दाखवतो, त्यामुळे थोडा धूसरपणा येतो. घरात जुना कन्सोल असेल तर २४ इंची फुल एचडी पडद्यावरच तो अधिक स्वच्छ दिसेल, शिवाय पैसेही वाचतील.

आणखी एक शब्द कानावर येतो, व्हीआरआर किंवा फ्रीसिंक. हे काय प्रकरण आहे? बैलजोडीतला एक बैल पुढे आणि एक मागे चालला तर नांगर वाकडा जातो. संगणक चित्रे तयार करतो त्याच्या चालीने आणि पडदा चित्र बदलतो त्याच्या चालीने. चाल जुळली नाही की वरच्या अर्ध्या भागात नवे चित्र आणि खालच्या अर्ध्यात जुने, अशी मधे फाटल्यासारखी रेघ दिसते. या सोयीने पडदा यंत्राच्या पावलाशी पाऊल मिळवून चालतो. संगणकाला तिचा चांगला उपयोग होतो, आणि आज स्वस्त पडद्यांतही ती मिळते. एक्सबॉक्सच्या नव्या पेट्यांना फ्रीसिंकवरही ती चालते. प्लेस्टेशन ५ ला मात्र त्यासाठी २.१ ची खुंटी असलेला आणि तिच्यावर ही सोय देणारा पडदाच लागतो. प्लेस्टेशन वापरणाऱ्याने नुसते फ्रीसिंकचे चिन्ह पाहून भुलू नये.

पडद्याच्या काचेमागच्या थराचे तीन प्रकार सांगतात. टीएन जुना आणि स्वस्त, पण बाजूने पाहिले की रंग उडतात. व्हीए मध्ये काळा रंग खरा काळा दिसतो, पण स्वस्त पडद्यांत अंधारातली हलती चित्रे मागे काळसर माग सोडतात. आयपीएस मध्ये कोणत्याही बाजूने रंग बरेचसे सारखे राहतात. एका पडद्यापुढे चार भावंडे बसायची असतील तर आयपीएस घ्यावा, हे माझे सरळ मत.

आता जाहिरातीतल्या दोन फसव्या गोष्टी. एक, १ मिलिसेकंद. ठिपका रंग बदलायला किती वेळ घेतो, त्याचे हे माप. पण ते मोजण्याच्या दोन रीती आहेत. त्यांतली एक रीत मागचा दिवा भराभर उघडझाप करून मिळवलेल्या स्पष्टपणाची आहे, आणि त्या सोयीने पडदा मंदावतो. म्हणून या आकड्यासाठी जास्त पैसे देऊ नयेत. दुसरी गोष्ट एचडीआर. उजेड अधिक लख्ख आणि अंधार अधिक गडद दाखवण्याची ती युक्ती आहे, पण त्यासाठी मागचा दिवाही तसा जोरकस लागतो. स्वस्त पडदा ते चित्र स्वीकारतो इतकेच, दाखवण्याची ताकद त्याच्यात नसते. पंधरा हजारांच्या आतल्या पडद्यावर एचडीआर लिहिले असेल तर ते लिहिलेलेच नाही, असे समजून भाव करावा.

मग कोणी म्हणेल, "एवढा खटाटोप कशाला? त्याच किमतीत ३२ इंची टीव्ही येतो की!" येतो खरा. पण स्वस्त ३२ इंची टीव्हीत पुष्कळदा १३६६ गुणिले ७६८ ठिपके असतात, म्हणजे साडेदहा लाखांच्या आत. मॉनिटरच्या निम्मे ठिपके, आणि तेही मोठ्या अंगणात पसरलेले. त्यावर हिशेबाचा तक्ता वाचायचा म्हणजे डोळ्यांना शिक्षाच. शिवाय टीव्ही चित्र सुशोभित करण्यात थोडा वेळ घालवतो. बटण दाबल्यावर खेळाडू जरा उशिरा उडी मारतो. टीव्हीत गेम मोड असेल तर हा उशीर कमी होतो. तेव्हा घरात चांगला टीव्ही असेल आणि संगणक नसेल, तर मॉनिटरवर खर्च करण्याचे कारण नाही. कन्सोल टीव्हीलाच जोडावा. संगणक आणि अभ्यासही त्याच पडद्यावर असेल तर मात्र मॉनिटरला पर्याय नाही.

आवाजाची गोष्ट बहुतेक लोक विसरतात. टीव्हीला स्पीकर असतात. पुष्कळ मॉनिटरना नसतात. कन्सोल घरी आणला, जोडला, चित्र आले आणि आवाजच नाही, अशी फजिती होते. प्लेस्टेशन ५ ला स्पीकरची साधी पिन लावायला जागाच नाही. हातातल्या कंट्रोलरला इयरफोन लावता येतो, तेवढाच आधार. म्हणून मॉनिटरला स्पीकर नसले तरी मागे इयरफोनची पिन लागते की नाही, ते पाहून घ्यावे. ती असली म्हणजे दोन-चारशे रुपयांचे स्पीकर जोडून काम भागते.

भावाचे म्हणाल, तर २०२५ सालच्या बाजारात २४ इंची, फुल एचडी, आयपीएस, १०० हर्ट्झचा पडदा साधारण ७ ते ९ हजारांत मिळत होता. तोच १४४ ते १८० हर्ट्झचा ९ ते १३ हजारांत. २७ इंची, १४४० ओळींचा वेगवान पडदा १५ हजारांच्या पुढे, आणि फोर-के २० हजारांच्या पुढे. सणासुदीला भाव उतरतात. ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर १ जानेवारी २०१९ पासून वस्तू व सेवा कर १८ टक्के आहे, तो छापील किमतीत धरलेलाच असतो. "बिल नको, स्वस्त देतो" असे कोणी म्हणाले तर मान हलवून पुढच्या दुकानात जावे.

निवड कशी करावी? साधा संगणक, जुना कन्सोल आणि मुख्य काम अभ्यासाचे असेल तर १०० हर्ट्झचा २४ इंची पुरेसा आहे. नवा कन्सोल आहे, किंवा पुढच्या वर्षा-दोन वर्षांत येणार आहे आणि मुलांना वेगवान खेळांची हौस आहे, तर दोन-तीन हजार जास्त घालून, एचडीएमआयवर १२० देणारा २४ इंची घ्यावा. १४४० ओळींच्या वाटेला, संगणकात चांगले ग्राफिक कार्ड असेल आणि कन्सोल नवा असेल तरच जावे. फोर-के सध्या मध्यमवर्गीय घराच्या दोन यंत्रांसाठी गरजेचा नाही. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण इथे दोनदा लागू पडते, एकदा खिशाला आणि एकदा यंत्राला.

कंपन्यांच्या कचेऱ्यांतून निघालेले जुने मॉनिटर दोन-तीन हजारांत मिळतात. अभ्यासाला ते वाईट नसतात. पण त्यांतल्या कित्येकांना एचडीएमआय नसते, फक्त व्हीजीए किंवा डिस्प्लेपोर्ट. कन्सोलचे चित्र तिथे न्यायला नुसती वायर बदलून भागत नाही, मधे चित्राचे रूपांतर करणारा छोटा डबा लागतो, आणि व्हीजीए असेल तर आवाजाची वेगळी सोय करावी लागते. शाळांना कोणी जुने मॉनिटर देणगी म्हणून देत असेल तर गुरुजींनी आधी मागच्या खुंट्यांचा फोटो मागवावा. आणि निकामी झालेला पडदा भंगारवाल्याला फोडायला देऊ नये. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच द्यावा.

खरेदीच्या वेळी डबा दुकानातच उघडायला लावा. पडद्यावर पांढरा, काळा, लाल, हिरवा आणि निळा असे पाच रंग आळीपाळीने आणून बघा. कुठे मेलेला ठिपका, कोपऱ्यात गळणारा उजेड दिसला तर लगेच सांगा. किती ठिपके मेले म्हणजे कंपनी बदलून देते, हे तेव्हाच विचारा. मागे भारतीय मानक ब्यूरोचा, आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा. बिलावर वस्तूचा क्रमांक लिहून घ्या आणि हमी किती वर्षांची तेही विचारा; पुष्कळ चांगल्या कंपन्या तीन वर्षांची देतात. गावाजवळच्या मोठ्या शहरात दुरुस्तीचे केंद्र आहे का, ही चौकशी गावकऱ्यांनी तर केलीच पाहिजे. तक्रारीचे समाधान झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

घरी आल्यावर एक काम राहते. पडदा १४४ चा असला तरी संगणक कधी कधी तो ६० वरच चालवतो. सेटिंगमध्ये डिस्प्लेच्या पानावर जाऊन वेग बदलावा लागतो. कन्सोलवरही चित्राच्या सेटिंगमध्ये आता काय पाठवले जात आहे ते दिसते. हे न केल्यामुळे जास्त पैसे मोजूनही वर्षानुवर्षे ६० वरच पाहणारे लोक आहेत. कन्सोलबरोबर आलेली वायरच वापरा. महागडी वायर घेण्याची गरज नाही.

विजेचा हिशेबही करून ठेवू. असा मॉनिटर साधारण २५ वॅट घेतो. रोज चार तास चालला तर महिन्याला तीन युनिट. नवा कन्सोल खेळ चालू असताना २०० वॅटच्या आसपास जातो. रोज दोन तास खेळले तर महिन्याला बारा युनिट. म्हणजे विजेचे खरे बिल पडद्याचे नाही, पेटीचे आहे. गावात वीज कमीजास्त होत असेल तर अर्थिंग नीट असलेला सॉकेट आणि चांगला स्पाइक गार्ड वापरावा.

शेवटची गोष्ट डोळ्यांची. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत ठेवावी, बसताना हातभर अंतर राखावे, आणि दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांबच्या झाडाकडे पाहावे. खेळ वाईट नाही, पण एकाच पडद्यावर अभ्यास आणि खेळ असला म्हणजे वेळेची वाटणी घरातल्या मोठ्यांनीच आखून द्यावी लागते. ती आखणी कोणत्याही डब्यात मिळत नाही.

तेव्हा मंडळी, मुंबईच्या काकांना फोन कराल तेव्हा नुसते "एक मॉनिटर आणा" असे म्हणू नका. कागदावर चार ओळी लिहून पाठवा: आपल्या संगणकाला कोणती खुंटी आहे, कन्सोल कोणता आहे, टेबल किती रुंद आहे आणि खिशात किती पैसे आहेत. तो कागद हातात असला की काका दुकानात गोंधळणार नाहीत, आणि दिवाळीला गावी जो पडदा येईल तो दोन्ही यंत्रांना पुरेल.